झुकत्या मापाचा तराजू

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो, आणि माझ्या साक्षीवरून एका सात वर्षांच्या मुलीला खोटे ठरवण्यात आले. माझ्या दांडीवर वजनमाप खात्याचे एकतीस शिक्के आहेत. त्यांतला एकही खोटा नाही. माझी दांडी सरळ आहे, दोन्ही पारडी सारख्या वजनाची आहेत आणि काटा आजही बरोबर मध्यावर उभा राहतो. तरीही हे घडले. कसे घडले ते मी क्रमाने सांगतो. मध्येच माझा तोल गेला तर समजून घ्या. तराजूला एवढी तरी मुभा असावी.

मला घडवणारा कारागीर अबोल होता. पितळ ओतून झाल्यावर माझे एक पारडे दुसऱ्यापेक्षा किंचित जड निघाले. असल्या फरकाला पासंग म्हणतात. लबाड दुकानदार तो मुद्दाम ठेवून घेतात. माझ्या कारागिराने तो काढण्यासाठी अख्खी सकाळ खर्च केली. कानस एकदा चालवायची, पारडी टांगायची, डोळा बारीक करून बघायचे, पुन्हा कानस. दुपारी त्याने मला खिळ्यावर टांगले आणि जेवायला गेला. शाबासकी वगैरे काही दिली नाही. पण माझा काटा मध्यावर होता आणि मला तेवढे पुरेसे होते.

एका किराणा दुकानदाराने मला विकत घेतले. त्यांना सगळे अप्पा म्हणत. धान्यासाठी त्यांच्याकडे मोठा काटा होता. मी छोटा, मसाल्याचा. लवंग, मिरी, वेलची, असा महागाचा आणि हलका माल माझ्याकडे येई. पाच ग्रॅम, दहा ग्रॅम, पन्नास ग्रॅम. एका ग्रॅमचा फरक मी लगेच दाखवत असे.

तराजूचे काम साधे असते. डाव्या पारड्यात वजन, उजव्या पारड्यात माल. दोन्ही समोरासमोर आली, काटा मध्यावर उभा राहिला की माप पुरे झाले. पण अप्पांचे माप तिथे पुरे होत नसे. पारडी समोरासमोर आली की ते बरणीत पुन्हा हात घालत, वरून आणखी एक चिमूट टाकत, मालाचे पारडे खाली झुकले की मगच पुडी बांधत. सपाट माप हे कंजुषाचे माप, असे त्यांचे म्हणणे होते. शेजारचा कापडवाला त्यांना विचारी की अप्पा, तुम्ही माल विकता की वाटता? अप्पा हसून सांगत की मी देतो ते पासंगालाही पुरणार नाही, पण गिऱ्हाईक जन्माचे होते.

खरे होते ते. तीन गल्ल्या ओलांडून लोक येत. आयांनी पाठवलेल्या मुली पायरीवर चढून माझ्याकडे टक लावून बघत आणि पारडे खाली गेले की हसत. मलाही तो क्षण आवडे. खोटे कशाला बोलू? मी तेव्हा स्वतःला प्रामाणिक तराजूच नव्हे, तर उदार तराजू समजत होतो.

पुढे रस्ता रुंद झाला आणि दुकान त्याखाली गेले. अप्पांचे गुडघेही थकले होते. त्यांनी मोठा काटा देऊन टाकला. मला मात्र वजनांच्या डबीसह वर्तमानपत्रात गुंडाळून घरातल्या कपाटावर ठेवले. त्या कागदावर हवामानाचा अंदाज छापलेला होता. उद्या आकाश निरभ्र राहील, हे मी सात वर्षे वाचत होतो.

त्याच वर्षी घरात अप्पांची नात जन्मली. जन्मतः फारच किरकोळ होती, म्हणून अप्पांनी तिचे नाव ठेवले छटाक. पाळण्यातले नाव दुसरेच होते, पण ते फक्त शाळेच्या कागदावर राहिले.

छटाक बारा दिवसांची असताना दवाखान्यातून बोलावणे आले. तिच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात दोष सापडला होता. तो दोष काय, हे मी कपाटावरून इतक्या वेळा ऐकले आहे की तुम्हाला नीट सांगू शकेन.

आपण जे प्रथिन खातो, मग ते दुधातले असो, डाळीतले असो की भातातले, त्याचे पोटात लहान लहान तुकडे होतात. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांतल्या एकाचे नाव फेनिलॲलनिन. शरीराला ते थोडेसे लागतेच, त्याशिवाय वाढ होत नाही. जे जास्त होते, ते यकृतातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, बदलून टाकते आणि त्यापासून दुसरे उपयोगी अमिनो आम्ल बनवते. छटाकच्या यकृतात ते विकर कामच करत नाही. म्हणून जास्तीचे फेनिलॲलनिन रक्तात साचते, मेंदूपर्यंत जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. बाहेरून काही दिसत नाही. मूल हळूहळू मंदावत जाते.

यावर उपाय एकच. मोजून खायचे. दूध, डाळ, अंडी, मांस, शेंगदाणे सगळे बंद. भात, बटाटा, भाजी ग्रॅमवर. बाकीची भूक आणि वाढ एका विशेष पावडरीवर, जिच्यात हे एक अमिनो आम्ल सोडून बाकी सगळी असतात. ती पाण्यात कालवली की ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, असे छटाक म्हणायची. दर महिन्याला तिच्या बोटातून रक्ताचे थेंब जाड कागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि टपालाने प्रयोगशाळेत पाठवायचे. आठवड्याने फोनवर आकडा कळे. तो दोन ते सहाच्या मध्ये हवा.

फेनिलॲलनिन हे नाव अप्पांच्या जिभेवर कधीच बसले नाही. त्यांनी त्याला लांबशेठ करून टाकले. फोन आला की ते विचारत, "आज लांबशेठ कितीवर आहेत?" आणि आई सांगे, चार. किंवा पाच. मग घर मोकळा श्वास घेई.

आई सहा वर्षे छटाकचे ताट इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजत होती. ती औषधाच्या गोळ्या पाकिटबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. नजर पक्की होती, हात पक्का होता. छटाकचे बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवत आणि पंधरवड्यातून दोन दिवस घरी असत, त्यामुळे सगळा भार तिच्यावर. मग तिची पाळी बदलली आणि भल्या सकाळी निघणे भाग पडले. त्याच आठवड्यात तो इलेक्ट्रॉनिक काटा मोरीत पडला आणि बंद झाला. नवा आणू म्हणून आई निघाली तेव्हा अप्पांनी तिला थांबवले. "माझ्या काट्याने चाळीस वर्षांत ग्रॅम चुकवला नाही, सूनबाई. आणि आता मोजायलाही मीच आहे ना घरी?"

मला कपाटावरून खाली काढले. अप्पांनी चिंचेने आणि राखेने घासून मला लख्ख केले. आईने शिक्के मोजून पाहिले. छटाकने माझ्या पारड्यात बोट ठेवले आणि ते झुकल्यावर खुदकन हसली. मित्रांनो, त्या दिवशी माझ्याइतके सुखी भांडे त्या स्वयंपाकघरात दुसरे नव्हते.

दिवसातून सहा मापे. सकाळी बटाटा, शाळेच्या डब्यात भात आणि भाजी, दुपारी पुन्हा भात, संध्याकाळी बटाटा, मग भाजी. आईने भिंतीवर तक्ता चिकटवला होता. अप्पा चष्मा लावून तक्ता वाचत, डाव्या पारड्यात बरोबर तेवढी वजने ठेवत आणि उजव्या पारड्यात चमच्याने भात घालत. पारडी समोरासमोर येत. काटा मध्यावर उभा राही.

आणि मग त्यांचा हात पुन्हा भांड्यात जाई.

एक चिमूट. पारडे खाली. माप पुरे.

त्यांना ते कळतही नव्हते. श्वास घेताना कुणाला कळते? पहिल्या दिवशी मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. उलट जुने दिवस परत आले असे वाटले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी छटाक ओट्यावर हनुवटी टेकवून बघत होती. ती म्हणाली, "अप्पा, पारडं खाली गेलंय."

"खालीच जायचं असतं, बाळा," अप्पा म्हणाले. "त्यालाच माणुसकी म्हणतात."

तिने ते मान्य केले. अप्पा चुकीचे सांगत नाहीत, हे तिला माहीत होते.

पहिल्या महिन्यानंतर आकडा आला सात पूर्णांक चार. आईने फोन ठेवला आणि तक्ता पुन्हा तपासला. सर्दी झाली होती, त्यानेही वाढतो, असे ती स्वतःशीच म्हणाली. दुसऱ्या महिन्यात नऊ पूर्णांक आठ. आता सर्दी नव्हती.

तेव्हापासून त्या घरातली हवा बदलली. आई कामावरून आली की आधी छटाकचे केस हुंगायची. आकडा वाढला की या आजारात घामाला आणि लघवीला एक कोंदट वास येतो, बरीच वर्षे बंद असलेल्या कपाटासारखा. तो वास येऊ लागला होता. शाळेच्या बाईंनी वहीत लिहून पाठवले की मुलगी खिडकीबाहेर बघत बसते आणि हाक मारली तर दचकते. घडाघडा म्हणायची ते पाढे अडू लागले होते. अप्पा तिला सातचा पाढा म्हणायला सांगत. ती सात चोक अठ्ठावीसपर्यंत जाई आणि तिथेच उभी राही, जणू पुढची पायरी कुणी काढून नेली आहे.

आईला शंका एकच. पोरगी बाहेर काहीतरी खाते आहे.

तिने दप्तर उलटे केले. खिसे तपासले. स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली गळ्यात अडकवली. शाळेत मधल्या सुट्टीत छटाकला बाईंच्या टेबलाशेजारी, सगळ्यांकडे पाठ करून बसवले जाऊ लागले. आईने रोज विचारायचे आणि छटाकने रोज सांगायचे, मी नाही खाल्लं.

एकदा आईच्या मनात माझ्याबद्दलही आले. तिने अप्पांना भीत भीत विचारले की काट्यात काही बिघाड नसेल ना? अप्पा दुखावले, पण नाही म्हणाले नाहीत. त्यांनी तिच्यासमोर माझी दोन्ही पारडी पुसली आणि मला रिकामे टांगले. काटा मध्यावर. दोन्हीकडे पन्नास पन्नासची वजने ठेवली. काटा मध्यावर. पारड्यांची अदलाबदल करून पाहिली. काटा मध्यावर.

मी काय करायला हवे होते? तुम्हीच सांगा. मला एका बाजूला झुकून दाखवता आले असते तर मी तेव्हाच झुकलो असतो. पण माझ्यात पासंग नव्हता. त्या कारागिराने अख्खी सकाळ घालवून तो काढून टाकला होता. मी सरळ उभा राहिलो आणि माझ्या सरळपणामुळेच त्या मुलीचे उरलेसुरले दार बंद झाले. काटा खरा, अप्पा खरे, तक्ता खरा. मग खोटे कोण उरले?

आईने छटाककडे पाहिले. अप्पांनीही पाहिले. अप्पांचे पाहणे तिला जास्त लागले असावे, कारण ती माझ्याकडे बघू लागली.

तिसऱ्या महिन्याचा आकडा बारा पूर्णांक सहा होता. त्या संध्याकाळी आई जमिनीवर बसली. ओरडली नाही. तिने छटाकचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मी मारणार नाही. रागावणार नाही. फक्त खरं सांग. तुझं डोकं कायमचं अधू होईल गं. मला एकदा खरं सांग." मग ती रडू लागली, आणि थांबेचना.

छटाकने एक हात सोडवून आईचे डोळे पुसले. शेवटी ती म्हणाली, "हो. खाल्लं. बिस्कीट."

"कुणी दिलं?"

तिने शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचे नाव सांगितले. एकच मैत्रीण होती तिला.

आई रडायची थांबली. त्यासाठीच छटाकने ते सांगितले होते, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होते. सहा मापांपलीकडे तिच्या पोटात काही जात नव्हते. जे जास्त जात होते, ते माझ्याच पारड्यातून जात होते. मित्रांनो, लोक माणसांना म्हणतात, तोंड आहे म्हणून काहीही बोलू नकोस. तोंड नसणे काय असते, ते त्या संध्याकाळी मला विचारायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी आई त्या मैत्रिणीच्या घरी गेली. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. त्यानंतर ती मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसू लागली, एवढे कळले.

आणि मग आईने आणखी एक गोष्ट केली, कुणालाही न विचारता. तिने तक्त्यावरचे आकडे निम्मे केले. पन्नासचे पंचवीस. चाळीसचे वीस. आत कमी गेले की आकडा उतरेल, हा तिचा सरळ हिशोब. अप्पा पंचविसाचे वजन ठेवू लागले. पण ते पारडे इतके रिकामे दिसे की त्यांचा जीव गलबले. चिमूट जेवढी होती तेवढीच राहिली.

छटाक उपाशी राहू लागली. पावडर ओकून टाकू लागली. आठ दिवसांत तिच्या मनगटाची हाडे दिसू लागली. मग ताप आला. तापातच आईने तिच्या बोटाला सुई टोचली आणि थेंब कागदावर घेतले.

आकडा सोळा पूर्णांक चार.

"आता काय बंद करू?" आई फोन हातात धरून म्हणाली. समोर कुणी नव्हते. "पाणी बंद करू?"

ताप उतरल्यावर दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सगळ्यांना बोलावले. त्यांचा निरोप नेमका होता. मुलीला आणा, मोजणाऱ्या माणसाला आणा आणि ज्यावर मोजता ते आणा. सोबत घरचा शिजवलेला भात. अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा रिक्षात बसलो, अप्पांच्या मांडीवर.

बाई पन्नाशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी छटाकला जवळ घेतले.

"बिस्कीट रोज खातेस का गं?"

छटाकने मान हलवली.

"गोड असतं की खारं?"

छटाकने आईकडे पाहिले. "गोड." मग म्हणाली, "नाही, खारं."

"तोंडात विरघळतं की चावावं लागतं?"

छटाकने पुन्हा आईकडे पाहिले. तिला खरेच माहीत नव्हते. जन्मात तिने बिस्कीट तोंडात घातले नव्हते.

बाई आईकडे वळल्या. "ताई, हिने काही खाल्लेलं नाही. हिला बिस्किटाची चवच माहीत नाही."

आई हट्टाने म्हणाली की मग येते कुठून? मी तर खाणे निम्म्यावर आणले. बाईंच्या हातातले पेन थांबले. निम्म्यावर आणले हे त्यांना कुणीच सांगितले नव्हते. त्या रागावल्या नाहीत, पण एकेक शब्द सुटा करून बोलल्या. पोट भरले नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खाते. स्नायू म्हणजे प्रथिनच. तापातही तेच होते. म्हणजे बाहेरून कमी केलेले लांबशेठ आतून बाहेर पडले.

"पण हे शेवटच्या उडीचं झालं," बाई म्हणाल्या. "त्याआधीचे तीन महिने आकडा चढत होता, तो उपासाने नाही. आणि हा वास बघा." मग त्यांनी छटाकला कळेल अशा भाषेत सांगितले. रक्तात साचलेल्या फेनिलॲलनिनचा थोडा भाग शरीर दुसऱ्याच वाटेने वळवते आणि त्यातून हा कोंदट वासाचा पदार्थ होतो. शिवाय आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. "तुझे पोटभाडेकरू," बाई म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी छटाकच्या ओठांचा कोपरा हलला. आतड्यात जे शोषले जात नाही, ते फेनिलॲलनिन हे जंतू खातात आणि तेही तसलाच पदार्थ बनवतात. मग शरीर तो बांधून लघवीवाटे बाहेर टाकते. त्या जंतूंना कुणाचा लळा नाही, कुणाची भीड नाही. येईल तेवढे ते मोडतात. वास वाढला म्हणजे माल जास्त येतोय, आणि बाहेरचे काही खाल्ले नाही म्हणजे तो ताटातूनच येतोय.

ते ऐकून मला लाज वाटली, मित्रांनो. ज्यांना डोळे नाहीत, शिक्के नाहीत, त्या जंतूंनी तीन महिने खरी साक्ष दिली होती, आणि माझी खोटी पडली होती.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "घरी मोजता तसे पन्नास ग्रॅम मोजून दाखवा."

अप्पांनी बाही मागे सारली. रुमालाने माझी पारडी पुसली. डाव्या पारड्यात पन्नासचे वजन ठेवले आणि ते सगळ्यांना दिसावे म्हणून मला थोडे वळवले. उजवीकडे भात घालू लागले. एक चमचा, दुसरा, तिसरा, मग अर्धा. पारडी समोरासमोर आली. माझा काटा मध्यावर येऊन थरथरला आणि थांबला.

इथे थांबा. मी मनात म्हणालो, अप्पा, एवढ्या वेळेस इथेच थांबा. आणि त्याच क्षणी मला वाटले, नको, थांबू नका. आज थांबलात तर हे कधीच कुणाला कळणार नाही.

अप्पांचा हात भांड्यात गेला. एक चिमूट. पारडे खाली.

"हे घ्या," अप्पा म्हणाले. "पन्नास."

"पारडं खाली का आहे?" बाईंनी विचारले.

अप्पा हसले. त्यांच्या हसण्यात अभिमान होता. "बाई, चाळीस वर्षांत माझ्या दुकानातून कुणी सपाट माप घेऊन गेलं नाही. मग नातीला देईन का?"

बाईंनी माझ्या पारड्यातला भात त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर अलगद ओतला. तिथे लाल अक्षरात आकडा उमटला. एकोणसाठ.

अप्पांनी तो वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"दिवसातून किती वेळा मोजता?"

"सहा," अप्पा म्हणाले. मग त्यांचे ओठ नुसते हलत राहिले. आयुष्यभर बेरजा करण्यात गेलेला माणूस, त्याला ही करायला वेळ लागला नाही. सहा नव्वे चोपन्न. रोज. चार महिने. त्यांनी माझी दांडी हातात धरली होती, ती हळूच टेबलावर ठेवली, जणू ती तापली होती.

"मी सांगितलं होतं," छटाक म्हणाली. तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. "पारडं खाली जातंय म्हणून."

आई खुर्चीवरून उठून छटाकसमोर खाली बसली. पण तिचे हात धरायला तिला धीर होईना. छटाकनेच एक हात पुढे केला.

जाताना अप्पांनी दारात थांबून बाईंना विचारले की जे बिघडले ते परत येईल ना. बाईंनी त्यांना खोटा धीर दिला नाही. "बहुतेक येईल. सगळं येईल का, ते आत्ता सांगता येत नाही."

घरी नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला. आईने पाळी बदलून घेतली. तक्त्यावरचे मूळ आकडे परत आले. कपाटाचे कुलूप निघाले. आई एकदा त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन आली, पण मैत्रीण अजून जुन्या बाकावर आलेली नाही. अप्पांनी मला भंगारात टाकायला काढले होते. पिशवी दारापर्यंत गेलीही होती. छटाकने ती अडवली. "त्याचं काय चुकलं?" तिने विचारले. अप्पांनी पिशवी उचलून परत आत ठेवली. त्याचे उत्तर मला देता आले नसते.

त्यानंतर अप्पा रोज दुपारी मला खिडकीच्या गजाला टांगून बसतात. कच्चे तांदूळ घेतात, पन्नासचे वजन ठेवतात आणि सपाट माप करायचा सराव करतात. तुम्हाला हे सोपे वाटेल. त्यांना ते येत नाही. पारडी समोरासमोर येतात, अप्पा डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरतात, आणि तरी बोटे सुटतात आणि दोन-चार दाणे टाकतात. चाळीस वर्षांची सवय डोक्यात नसते, चिमटीत असते. ते पुन्हा पारडे रिकामे करतात. पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी त्यांचे डोळे भरतात आणि काटा दिसेनासा होतो. तेव्हा ते थांबतात.

पहिल्या महिन्यानंतर आकडा अकरा आला, दुसऱ्यानंतर आठ. सहाच्या खाली अजून आलेला नाही. वास कमी झाला आहे. छटाक सातच्या पाढ्यात सात सख बेचाळीसपर्यंत पोचते. तिथून पुढे अजून जात नाही. आम्ही सगळे तिथेच थांबलो आहोत.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, तेल द्या, असे मागण्याचे माझे दिवस गेले. मला एकच मागायचे आहे. तुमच्या घरात कुणाचे ताट मोजून वाढले जात असेल, कुणाला औषध थेंब मोजून दिले जात असेल, तर नुसते वजन बघून मान डोलवू नका. काटा कुठे उभा आहे ते बघा. चांगल्या माणसाचा हात आहे म्हणून तो बघायचा राहू देऊ नका. आणि एखादे लहान मूल म्हणाले की पारडे खाली जाते आहे, तर हसून त्याला शहाणपण शिकवू नका. खाली वाका आणि त्याच्या उंचीवरून बघा.

काल आईने पहिल्यांदा अप्पांना म्हटले की आजचा भात तुम्ही मोजा, मी नंतर नव्या काट्यावर बघते. अप्पांनी बराच वेळ मला हात लावला नाही. मग बाही मागे सारली. पन्नासचे वजन. एक चमचा, दुसरा, तिसरा, अर्धा. पारडी समोरासमोर आली. अप्पांनी उजवा हात झटकन पाठीमागे नेला आणि तिथेच ठेवला.

"बघ," ते छटाकला म्हणाले. "तू सांगशील ते खरं."

छटाकने ओट्यावर हनुवटी टेकवली. एक डोळा मिटला. ती इतका वेळ बघत राहिली की भाताची वाफ निघायची थांबली.

"एक शीत काढा," ती म्हणाली.

एका शिताने माझा काटा हलत नाही. तेवढे बारीक मला कळत नाही आणि हे अप्पांना चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे.

अप्पांनी शीत काढले.